मदत हवी आहे: माळ्यावर ग्लासवूल घातले, तरी खोल्या गार आणि वर ओल

नमस्कार. आमच्या घराला उतरते छप्पर आहे आणि खोल्यांचे लाकडी छत व छप्पर यांच्यामध्ये रांगत फिरता येईल एवढा मोकळा माळा आहे. गेल्या हिवाळ्यात हीटर बंद केला की तासाभरात खोल्या गार पडत, म्हणून यंदा थंडीपूर्वी मी स्वतःच माळ्यावर ग्लासवूल (उष्णता अडवणारी काचतंतूंची गादी) घातले. छताच्या तुळया १०० मिमी उंचीच्या आणि गुंडाळी १५० मिमी जाडीची होती. त्यामुळे ग्लासवूल दाबून तुळयांच्या उंचीला आणले, धूळ बसू नये म्हणून वर प्लास्टिकचा कागद अंथरला आणि त्याच्या कडांना चिकटपट्टी लावली. वळचणीकडून वारा शिरत होता, तेव्हा उरलेले तुकडे तिथल्या फटींत कोंबले. काम संपवून खाली उतरलो तेव्हा स्वतःवर बराच खूश होतो, हे लपवत नाही.

मागच्या आठवड्यात पहाटे बॅटरी घेऊन वर गेलो, तर छपराच्या फळ्यांतून आत डोकावणाऱ्या प्रत्येक खिळ्याच्या टोकावर हिमाचा पांढरा मणी जमलेला होता. ऊन चढल्यावर ते मणी वितळून प्लास्टिकवर टपटपू लागले. कागदाचा कोपरा उचलला, तर त्याच्या खालच्या अंगाला घाम सुटलेला आणि ग्लासवूलचा वरचा बोटभर थर दमट. न्हाणीघराच्या वर हा प्रकार सर्वांत जास्त आहे. पाऊस पडलेला नाही आणि छप्पर गळत नाही, याची मी खात्री करून घेतली आहे. खोल्या पूर्वीपेक्षा किंचित उबदार आहेत, पण एवढ्या खटाटोपाच्या मानाने फरक नगण्य वाटतो.

सगळे काढून पुन्हा सुरुवात करावी लागेल का, प्लास्टिक ठेवावे की काढावे, आणि थर आणखी जाड केल्याने ओल थांबेल का, हे जाणकारांनी सांगावे. खालच्या खोलीत छतात बसवलेले चार दिवे आहेत आणि त्यांच्यावरही ग्लासवूल आले आहे, हेही नमूद करतो.

प्रतिसाद १

आधी दिव्यांचे पाहा, बाकीचे नंतर. दिवा झाकून चालेल असे त्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले नसेल, तर त्यावरचे ग्लासवूल आजच बाजूला करा, कारण कोंडलेल्या उष्णतेने दिवा खराब होतो आणि आगीचाही धोका असतो. तुळयांवरून गेलेल्या जुन्या वायरी थराखाली दाबल्या गेल्या असतील, तर त्याही वायरमनला दाखवून घ्या.

आता ओलीविषयी. हे पाणी बाहेरचे नाही, तुमच्याच घरातले आहे. २० अंश सेल्सियसच्या एक घनमीटर हवेत साधारण १७ ग्रॅम बाष्प मावते, तर शून्य अंशाला जेमतेम ५ ग्रॅम. आंघोळ, स्वयंपाक आणि श्वासोच्छ्वास यांनी दमट झालेली उबदार हवा दिव्यांच्या भोकांतून, वायरींच्या छिद्रांतून आणि माळ्याच्या झाकणाच्या कडेने वर जाते व पहिल्या गार पृष्ठभागाला टेकताच पाणी सोडते. तुमचे प्लास्टिक थराच्या गार बाजूला आहे. बाष्परोधक कागद लागतो तो उबदार बाजूला, म्हणजे छत आणि ग्लासवूल यांच्या मध्ये. म्हणून प्लास्टिक काढून टाका. ग्लासवूल नुसते दमट असेल तर वाळेल. चिंब भिजलेले किंवा बुरशी धरलेले तुकडे मात्र फेकून द्या.

वळचणीतले कोंबलेले तुकडेही काढा. तिथली हवा माळा कोरडा ठेवते. फळ्यांखाली निदान ५० मिमी मोकळी वाट राहिली पाहिजे. वारा अडवायचा तो छताच्या पातळीवर, छपराच्या नव्हे. एखाद्या वारा असलेल्या दिवशी झाकणाच्या कडेने उदबत्ती फिरवा, धूर जिथे ओढला जाईल ती फट सीलंटने किंवा रबरी पट्टीने बुजवा. छत न उघडता बाष्परोधक कागद अखंड घालणे अवघड असते, त्यामुळे फटी बुजवण्यावरच सारी भिस्त आहे. त्याआधी थर जाड केलात, तर माळा आणखी गार होईल आणि खिळ्यांवरचे मणी वाढतील.

जाडीचे म्हणाल, तर ग्लासवूलचे काम त्यात अडकलेली हवा करते. ते दाबले की जाडीबरोबर तिचा फायदाही घटतो. शिवाय लाकडातून ग्लासवूलच्या सुमारे तिप्पट उष्णता जाते, म्हणून उघड्या तुळया हा थरातला कच्चा दुवा असतो. फटी बुजवून झाल्यावर दुसरा थर तुळयांना आडवा, न दाबता घाला आणि एकूण जाडी २५० ते ३०० मिमीपर्यंत न्या. झाकणाच्या पाठीवर थर चिकटवायला बहुतेक जण विसरतात. मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. ग्लासवूलच्या तंतूंनी सुटणारी खाज दोन दिवस जात नाही.

एक प्रश्न: न्हाणीघरातल्या पंख्याचा पाइप नेमका कुठे उघडतो?

धागाकर्ता

आत्ताच वर जाऊन पाहिले. तो पाइप माळ्यातच, तुळईला टेकून संपतो आणि त्याच्या तोंडासमोरची फळी काळी पडली आहे. दिव्यांवरचे ग्लासवूल काढले आहे.

प्रतिसाद १

मग सुरुवात त्या पाइपापासून करा. तो छपराबाहेर किंवा भिंतीबाहेर काढा आणि माळ्यातून जाणाऱ्या भागाला ग्लासवूल गुंडाळा, नाहीतर बाष्प पाइपातच थिजून पाणी पंख्यात उतरेल. त्यानंतर आठवडाभराने पहाटे पुन्हा खिळे पाहा आणि ते कोरडे दिसले तरच दुसरा थर आणा.