मदत हवी आहे: ओटू (ऑक्सिजन) सेन्सरला फसवावं की गाडी आहे तशीच ठेवावी?

माझी मोटारसायकल ६५० सीसीची, दोन सिलिंडरची, युरो ४ या प्रदूषण मानकाची. साडेतीन वर्षं चालवतोय आणि माझा तिच्यावर फार जीव आहे. ४००० आरपीएमच्या वर तिच्यात खोट काढायला जागा नाही. अडचण आहे ती खाली. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये २५०० ते ३५०० च्या दरम्यान रेस एका जागी धरून निवांत जायचं म्हटलं की गाडी हिसके देते. पुढे ओढते, मग कुणी मागून धरल्यासारखी अडते, पुन्हा ओढते. चेन सैल पडून खडखडते, मागे बसलेल्याचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटतं. रेस जरा वाढवली की सगळं गुळगुळीत. पण गर्दीत चालवायची असते ती नेमकी याच पट्ट्यात. त्यामुळे क्लच अर्धवट दाबून चालवायची सवय लागली आहे, आणि त्यात क्लच प्लेटची वाट लागणार हे मला कळतं.

नेहमीचे उपाय झाले आहेत. चेनचा ताण, थ्रॉटल केबलचा प्ले, एअर फिल्टर, नवे प्लग, टॅपेट. थ्रॉटल बॉडीचं सिंकही (दोन्ही सिलिंडरना सारखी हवा मिळावी म्हणून करायची जुळवणी) एका वर्कशॉपमधून करून घेतलं. तेव्हा मी शेजारीच उभा होतो, गेजचे दोन्ही काटे एका रेषेत आलेले स्वतः पाहिले. जुने प्लग काढले तेव्हा डावा पांढरट आणि उजवा काळपट होता. 'चालायचंच' असं उत्तर मिळालं.

आता ज्याला विचारावं तो एकच सांगतो: प्रदूषणाच्या नियमांपायी कंपनीने मिक्श्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) केलंय, ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) बंदोबस्त कर. म्हणून गेले दोन महिने वाचतोय. जेवढं समजलं ते मांडतो, चुकलं असेल तर दुरुस्त करा.

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करतो तो या आकड्याच्या अगदी आसपासच. मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त) झालं तर कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल जाळायला त्याला ऑक्सिजन पुरत नाही; लीन झालं तर नायट्रोजनची ऑक्साइडं त्याला आवरत नाहीत. इंजिनाची जास्तीत जास्त ताकद मात्र १३ च्या जवळपास मिळते. म्हणून ईसीयू धुरातला ऑक्सिजन ओळखणाऱ्या ओटू सेन्सरचं ऐकत राहतो. सेन्सरचं व्होल्टेज ०.४५ च्या वर गेलं की मिक्श्चर रिच, म्हणून पेट्रोल कमी. खाली आलं की लीन, म्हणून पेट्रोल जास्त. हा झोका सतत चालू असतो. पूर्ण रेस दिली की ईसीयू सेन्सरकडे बघत नाही, ठरलेल्या मॅपवर (किती पेट्रोल द्यायचं त्याच्या तक्त्यावर) चालतो. सेन्सरचं राज्य असतं ते थोड्या आणि स्थिर रेसवर, म्हणजे माझी गाडी जिथे हिसके देते तिथेच. हे वाचलं तेव्हा रोग सापडला असंच वाटलं.

म्हणून एका रविवारी सेन्सरचं कनेक्टर काढून चाळीस किलोमीटर चालवून पाहिली. चेक इंजिनचा दिवा लागला, तो लागणारच होता. पण हिसके निम्म्याहून कमी झाले! मला खरंच आनंद झाला. घरी येऊन गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवून मागे वाकून पाहिलं, आणि डोळे चुरचुरले. सायलेन्सरच्या तोंडाला बोट लावलं तर काजळी आली, जी आजवर कधी आली नव्हती. माझ्या धाकट्या मुलीला दमा आहे. ती दाराशी उभी होती. मी गाडी बंद केली आणि संध्याकाळी कनेक्टर परत जोडलं.

तर माझ्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली, सेन्सरच्या जागी एलिमिनेटर लावायचा. तो ईसीयूला ठरावीक सिग्नल देत राहतो, सेन्सरच्या हीटरच्या जागी रेझिस्टर असतो, त्यामुळे दिवा लागत नाही. मी कनेक्टर काढून जे केलं तेच हे, फक्त दिव्याशिवाय. दुसरी, इंजेक्टरच्या वायरींमध्ये पिगीबॅक बॉक्स, म्हणजे ईसीयूचा सिग्नल मध्येच बदलणारा डबा. तिथे माझी शंका अशी की बॉक्सने पेट्रोल वाढवलं तर सेन्सर ते ओळखेल आणि ईसीयू तेवढंच कापून टाकेल, म्हणजे सेन्सर काढावाच लागेल. तिसरी, ईसीयू फ्लॅश करून मॅपच बदलायचा. काम एकदम स्वच्छ, पण करणारा माझ्याच गाडीवर वाइडबँड (नेमकं प्रमाण मोजणारा) सेन्सर लावून मॅप बनवतो की कुणाची तरी फाइल चढवतो, हे कळायला मार्ग नसतो. मूळ सेन्सर नॅरोबँड आहे. रिच की लीन एवढंच तो सांगतो, १३.५ आहे की १२.५ हे त्याला सांगता येत नाही. त्याच्या भरवशावर केलेल्या ट्यूनिंगला मी ट्यूनिंग म्हणणार नाही.

काही जणांनी गिअर पोझिशन सेन्सरच्या वायरीत रेझिस्टर टाकायला सांगितलं, म्हणजे खालच्या गिअरमध्ये ईसीयू जे इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे खेचतो ते थांबतं. ते मला नको आहे. पिकअप कमी पडतो ही माझी तक्रारच नाही.

पुष्कळ देशांत अशी छेडछाड गुन्हा आहे, हे मला माहीत आहे. नियमांवर माझा रागही नाही. युरो ३ मध्ये कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा किलोमीटरला २ ग्रॅम होती, युरो ४ मध्ये ती १.१४ झाली, युरो ५ मध्ये १. मुलीसाठी मला हे आकडे खाली आलेलेच हवे आहेत. म्हणून विचारतो: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सेन्सर दोन्ही जागेवर ठेवून फक्त एवढा पट्टा सुधारता येतो का? की याच मॉडेलच्या बाकी गाड्या इतके हिसके देतच नाहीत, आणि माझ्याच गाडीत काही बिघडलं आहे? कुणाकडे हीच गाडी मूळ अवस्थेत असेल तर २८०० ला चौथ्या गिअरमध्ये ती कशी चालते, तेवढं कृपा करून सांगा.

भर, अठरा दिवसांनी:

प्लगच्या रंगांवर बोट ठेवणाऱ्यांचे मनापासून आभार. पांढरट प्लग ही लीनची खूण, काळपट ही रिचची; मी ती गोष्ट लिहून पुढे निघून गेलो होतो, तुम्ही थांबवलंत. माझ्या गाडीत ओटू सेन्सर एकच आहे, धुराचे दोन्ही बेंड पाइप जिथे एकत्र येतात तिथे. म्हणजे त्याला दिसते ती दोन सिलिंडरची सरासरी. डावा लीन असेल तर ईसीयू दोघांनाही पेट्रोल वाढवणार. डावा तरीही लीन राहणार, उजवा रिच होणार, आणि सरासरी मात्र १४.७!

इंजिन आयडलला ठेवून डाव्या थ्रॉटल बॉडीभोवती थोडा थोडा कार्ब क्लीनर मारत गेलो. व्हॅक्यूम निपलवरच्या रबरी टोपीजवळ मारला आणि आरपीएम हलले, म्हणजे तिथून तो आत ओढला जात होता. टोपी काढून बोटांत वाकवली तर खालच्या बाजूला नखाएवढी चीर, बाहेरून अजिबात न दिसणारी. सिंक करताना हीच टोपी काढून तिथे गेजची नळी लावतात. म्हणून गेजवर सगळं बरोबर आलं, आणि नंतर तीच फाटकी टोपी परत बसवली गेली. थोड्या रेसवर व्हॅक्यूम जास्त, म्हणून हवा तेव्हाच शिरायची. रेस वाढवली की व्हॅक्यूम कमी, हिसके गायब. आणि कनेक्टर काढल्यावर बरं वाटलं ते ईसीयूने सरसकट जास्त पेट्रोल ओतलं म्हणून. एलिमिनेटर लावला असता तर हीच चीर मी कायमची झाकून ठेवली असती.

दोन्ही टोप्या नव्या बसवल्या. पाचशे किलोमीटर झाले, दोन्ही प्लग आता फिकट तपकिरी आहेत. हिसके जवळजवळ गेले. अगदी २६०० ला, उतारावर रेस सोडून पुन्हा हळूच उघडली की एक बारीकसा धक्का अजून जाणवतो. थ्रॉटल पोझिशन सेन्सरचं (रेस किती उघडली ते ईसीयूला सांगणाऱ्याचं) शून्य कुणी तपासलं आहे का? या गाडीत तो मल्टिमीटरने तपासता येतो की डायग्नोस्टिक टूलच लागतं?