बटण दाबायला काय अक्कल लागते?

चहा_कमी_साखर
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काल एक फॉरवर्ड आलं. "बर्गरच्या दुकानात स्वतः ऑर्डर द्यायचे चार टचस्क्रीन किऑस्क रिकामे असताना काका-काकू काउंटरवरच गर्दी करतात. फक्त पाच बटणं दाबायची असतात. दिवसभर गुड मॉर्निंगचे फोटो पाठवता येतात, तर हेही शिका." खाली 19 अंगठे. त्यातले दोन सख्ख्या शेजाऱ्यांचे. तिथे भांडले तर उद्या लिफ्टमध्ये तोंडं बघायची आहेत, म्हणून इथे लिहितेय. लांबेल.

माझे बाबा 71 वर्षांचे. चिंचवडला लेथवर 38 वर्षं काढली. दोन थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फरक नुसत्या बोटाला कळायचा. यंत्राला घाबरणारा माणूस नव्हे. गेल्या महिन्यात नातीला घेऊन मॉलमध्ये गेले. हवं काय होतं? एक साधा व्हेज बर्गर आणि एक कॉफी. स्क्रीनवर आधी भाषा, मग इथे खाणार की नेणार, मग मोबाइल नंबर (तो टाळायचं बटण कोपऱ्यात, करड्यावर करडं), मग कॉम्बोंची जत्रा. सुटा बर्गर तिसऱ्या पानावर. तो सापडला तर मील करायचं का, मोठं करायचं का, सोबत गोड घेणार का. दर वेळी 'हो' पिवळंधम्मक, तळहाताएवढं. 'नको' शोधायला चष्मा लागतो. चष्मा खिशातून काढेपर्यंत स्क्रीनने विचारलं, तुम्ही आहात ना? आणि उत्तर द्यायच्या आत सगळं पुसून पुन्हा पहिलं पान. मागून आवाज, "अंकल, जल्दी." बाबा बाहेर आले, नातीला गाडीवरचा वडापाव दिला. घरी येऊन म्हणाले, "मला आता जमत नाही गं."

हे वाक्य मला झोंबलंय. त्यांना न जमायला काय झालं? ते यंत्र माणसाला पटकन खायला मिळावं म्हणून बनवलेलंच नाही, बिल फुगवायला बनवलंय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये डार्क पॅटर्नचे, म्हणजे गिऱ्हाइकाला गंडवणाऱ्या स्क्रीनच्या रचनांचे, 13 प्रकार सांगून त्यांना मनाई केली. न विचारता टोपलीत वस्तू किंवा देणगी सरकवणं त्यात आहे, 'नको' म्हणणाऱ्याला लाजवणं त्यात आहे. बिलाआधी 'मुलांच्या शिक्षणासाठी 2 रुपये' ही आधीच टिक केलेली चौकट पाहिलीत ना? तेच.

आणि पाच बटणं म्हणे! मी स्वतः जाऊन मोजली. 17.

बटणवाला
पोटापाण्यासाठी असलेच स्क्रीन बनवतो, तेव्हा शिव्या खायला हजर आहे. पण थोडं ऐका.

टायमर नसेल तर अर्धवट ऑर्डर टाकून गेलेल्या माणसाचा चिकन बर्गर मागच्या जैन बाईंच्या बिलात जातो. झालंय असं. कॅलरी आणि ॲलर्जीची माहिती आम्ही हौसेने घालत नाही, 10 किंवा जास्त शाखा असलेल्या साखळ्यांना मेन्यूवर कॅलरी दाखवाव्याच लागतात. स्क्रीनवर गर्दी त्याने होते. बटण किती मोठं, किती उंचीवर, यावर आम्ही आठवडे घालवतो. उभ्या माणसाच्या बोटाला निदान 9-10 मिलिमीटर लागतात. अमेरिकेतल्या अपंगांसाठीच्या मानकात हात पोचायची कमाल उंची 48 इंच आहे, म्हणून महत्त्वाची बटणं खाली घेतो. तर लोक म्हणतात, वाकावं लागतं.

राहिलं "मोठं करू का?" काउंटरवरचा पोरगाही "सोबत फ्राइज देऊ?" विचारतोच की. त्याने विचारलं की अगत्य, आम्ही विचारलं की डार्क पॅटर्न? शिवाय ते नियम ऑनलाइन प्लॅटफॉर्मसाठी आहेत, दुकानातल्या खोक्यासाठी नाहीत.

चहा_कमी_साखर
नियम वाचा. प्लॅटफॉर्मच्या सोबत 'विक्रेते' हा शब्दही आहे त्यात. आणि पोरगा एकदा विचारतो. दुसऱ्यांदा विचारलं तर त्याच्याकडे नुसतं बघितलं तरी तो गप्प बसतो. तुमच्या खोक्याकडे कितीही रोखून बघा!

थांबा_बोलतोय
ताई, तुमच्या बाबांबद्दल वाईट वाटलं. पण या धाग्यावर हळूहळू सगळे "काउंटरच बरा होता" म्हणायला लागतील, त्याआधी माझं ऐका.

मी अडखळत बोलतो. लहानपणापासून. 'ब' आणि 'क' वर गाडी रुतते. म्हणजे बर्गर गेला, कॉफी गेली. मागे रांग, पुढे टोपीवाला मुलगा, आणि मी "ब... ब...". त्याच्या चेहऱ्यावर आधी हसू, मग दया. वीस वर्षं मला हवं ते मी खाल्लं नाही, मला उच्चारता आलं ते खाल्लं. कॉलेजात सगळे म्हणायचे, याला सामोसा फार आवडतो. मला सामोसा आवडत नाही.

पहिल्यांदा किऑस्कवर ऑर्डर केली तेव्हा कांदा काढला, चीज वाढवलं, कॉफीत साखर कमी केली. उगाचच. करता येतंय म्हणून. त्या 17 बटणांपैकी एकही मला जास्त वाटलं नाही.

पॉपकॉर्नवाला
सामोशासाठी दंडवत. आता शांतपणे चर्चा होईल असं वाटत असतानाच...

मोडी_लिपी
मूळ मुद्द्याला कुणी हात घालत नाही म्हणून लिहितो. भाषा!! दुकानाच्या पाटीवर देवनागरीत मराठी हवी, हा कायदा 2022 मध्ये कडक झाला. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दोन महिन्यांत पाट्या लावा म्हणून सांगितलं. मग दारावर मराठी आणि आत? मी पाहिलेल्या एका स्क्रीनवर मराठी होती. "तुमची गाडी रिकामी आहे." 'कार्ट'चं भाषांतर! मी पार्किंगकडे पळणार होतो. लहान फ्राइज, मोठ्या फ्राइज आणि मधल्या आकाराला 'नियमित फ्राइज'. नियमित म्हणजे काय, रोज सकाळी उपाशीपोटी?

बटणवाला
भाषांतर आमच्याकडे एक्सेल शीटमध्ये येतं. एका रकान्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात मराठी. करणाऱ्याने स्क्रीन पाहिलेलाच नसतो. हे मान्य. पण मराठी निवडतं कोण? मराठी माणूसच इंग्रजी दाबतो, उगाच आमच्यावर ढकलू नका.

मोडी_लिपी
गाडी रिकामी आहे म्हणून इंग्रजी दाबतो हो!

ओसाकाकर
इतका त्रागा? इथे जपानमध्ये रामेनच्या टपरीवजा दुकानातही दाराशी तिकिटाचं यंत्र असतं. जुन्यांत आधी पैसे टाकायचे, मग तेवढ्यात जे जे परवडेल त्याचीच बटणं पेटतात. दुकानाचा खास पदार्थ बहुतेक वेळा वरच्या डाव्या कोपऱ्यात. एक पदार्थ, एक बटण. तिकीट घ्या, बसा. सत्तरीचे आजोबा आरामात वापरतात. बर्गर खायला जायचं आणि तिथे ज्ञानेश्वरांची भाषा शोधायची, हे आपल्यालाच जमतं.

मोडी_लिपी
तुमच्या ओसाकातल्या त्या यंत्रावर कुठली भाषा असते हो? जपानी ना? तिथे कौतुक, इथे त्रागा. वा!

ओसाकाकर
बरं. हा पॉइंट तुमचा. यंत्राचा मुद्दा तरी घ्याल की नाही?

विदर्भाची_सून
शब्दच हवेत तर हॉटेलातून घ्या ना. वेटर काय विचारतो? "अजून काही?" आपण काय म्हणतो? "बास." झाली की दोन बटणं! 'चेकआउट'ला 'तपासून बाहेर पडा' लिहिणाऱ्याला एकदा खानावळीत बसवा. आणि 'इथेच' / 'पार्सल'.

मोडी_लिपी
'बास' झकास. 'पार्सल' मात्र इंग्रजी. 'बांधून' म्हणा. माझे आजोबा "दोन प्लेट बांधून द्या" म्हणायचे.

विदर्भाची_सून
'बांधून' वाचून माझ्या मुलीला वाटेल बर्गरला दोरी लावणार आहेत. 'पार्सल' गाडीवरच्या भैयापासून मामलेदारापर्यंत सगळ्यांना कळतं. ज्याला कळायला हवं त्याला कळलं, संपलं.

मोडी_लिपी
संपलं कसं? असंच करत करत एक दिवस 'अजून काही?'चंही 'एनिथिंग एल्स?' होईल.

पॉपकॉर्नवाला
आमच्या सासुरवाडीला "पॅक करून" म्हणतात. पळतो.

(पुढचे अकरा प्रतिसाद पार्सल की बांधून यावरच. एकाने 'सोबत नेणे' सुचवलं, त्याला सरकारी नोकर ठरवण्यात आलं.)

हिरवा_की_तांबडा
भाषेचं भांडण आटपलं असेल तर एक विचारू? मला लाल-हिरवा फरक दिसत नाही. पूर्वी शाकाहारी-मांसाहारी दोन्ही खुणा चौकोनात ठिपका, फक्त रंग वेगळा. आमच्यासारख्यांना दोन्ही मातकट. 2020 च्या लेबलिंग नियमांत मांसाहारीसाठी तपकिरी त्रिकोण आला, तेव्हा पाकीट हातात घेऊन मी बराच वेळ उभा होतो. आकाराने कळतंय! आणि या किऑस्कवर? ती खूण तीळाएवढी, फोटोच्या कोपऱ्यात, बऱ्याच ठिकाणी अजून जुना ठिपकाच. आईसाठी ऑर्डर करताना मी दोनदा चुकलोय. तिची अख्खी हयात माळ घालण्यात गेलीय. दुसऱ्यांदा ती काही बोलली नाही, फक्त डबा बंद केला.

एवढं मोठं ते स्क्रीन. त्रिकोण मोठा करायला काय जातं तुमच्या बापाचं?

बटणवाला
भाषा सांभाळा. मी एकटा ठरवत नाही. फोटो 'स्वच्छ' दिसायला हवा असा वरून आदेश असतो.

पण त्रिकोणाचं खरं आहे. आणि करड्यावर करडं 'नको' तर वेबच्या मानकातही बसत नाही, अक्षर आणि मागचा रंग यांत किमान 4.5 ला 1 चा फरक लागतो. सोमवारी मीटिंगमध्ये मांडतो. म्हणजे सोमवारी नाही म्हणतील.

फ्रायर_नंबर_दोन
दोन वर्षं अशाच एका किचनमध्ये होतो. नाव घेत नाही. तुम्ही सगळे स्क्रीनच्या पुढून बोलताय, मी मागून सांगतो.

किऑस्क आल्यावर काउंटरवर तीनाऐवजी एक माणूस. उरलेल्या दोघांपैकी एकाला टी-शर्ट घालून किऑस्कजवळ उभं केलं. त्याचं काम लोकांना शिकवणं. प्रत्यक्षात तोच बटणं दाबायचा आणि लोक त्याला तोंडी ऑर्डर सांगायचे! लोकल स्टेशनवर तिकिटाच्या मशीनजवळ निवृत्त रेल्वेवाले बसतात, आपण "एक रिटर्न दादर" म्हणतो आणि ते टकटक दाबतात, तसंच. फक्त त्यांना तिकिटामागे कमिशन मिळतं.

आणि चार किऑस्कवरून एकदम ऑर्डरी आदळतात. कॅशियर एक असताना तो रांग अडवून आम्हाला श्वास द्यायचा. मात्र एक कबूल करतो. कांदा नको म्हटलं होतं, मग घातला का, ही भांडणं बंद झाली. स्लिपवर लिहिलेलं असतं, कोण खोटं बोलतंय ते कळतं.

ओसाकाकर
सगळी यंत्रं शेवटी माणसांवरच चालतात. अमेरिकेत हॉर्न अँड हार्डार्टचे ऑटोमॅट होते, पहिलं फिलाडेल्फियात 1902 मध्ये, न्यूयॉर्कमधलं शेवटचं 1991 मध्ये बंद झालं. नाणं टाका, काचेचं दार उघडा, पाय घ्या. म्हणजे गोड पाय हो, पाया सूप नव्हे. भिंतीमागे बायका सतत रिकामे कप्पे भरत असायच्या. गिऱ्हाइकाला त्या दिसत नसत एवढंच.

चहा_कमी_साखर
धागा कुठे गेला होता, पार्सल होऊन? असो. आल्यासारखी माझी सूचना मांडते.

उडप्याच्या सेल्फ सर्व्हिसमध्ये गल्ल्यावर माणूस बसतो. डोक्यावर दरफलक. आपण रांगेत असतानाच वर बघून ठरवतो. पोचल्यावर "दोन इडली, एक कॉफी", पैसे, कूपन, बाजूला. दहा सेकंदं. अडचण वयाची नाहीच. किऑस्कवर अख्खा मेन्यू वाचायचा, ठरवायचा आणि पैसे भरायचे, हे सगळं मागे माणसं तुंबवून करावं लागतं. फलक भिंतीवर लावा, प्रत्येक पदार्थाला मोठा आकडा द्या. किऑस्कवर फक्त 14 दाबायचं, 'बास' दाबायचं. मील करा, मोठं करा काही नाही. बाबा डोळे मिटून करतील.

बटणवाला
आणि मग एका ऑर्डरमागे बिल किती होईल ते क्लायंटला तुम्ही समजावणार? ही कल्पना सुचणारे तुम्ही पहिले आहात असं वाटतं का? आमच्या पहिल्याच आराखड्यात आकडे होते.

(चांगले होते, हे इथेच लिहितो. कुठे बोलू नका.)

थांबा_बोलतोय
आकड्यांचा किऑस्क मला चालेल. पळेल. पण त्याचं कौतुक करताना गल्ल्यावरच्या माणसाला एवढं डोक्यावर घेऊ नका. मी त्याच्यापुढे बोट दाखवून उभा राहिलोय. तो मान वर न करता ओरडतो, "काय? मोठ्याने बोला."

चहा_कमी_साखर
हं. यावर माझ्याकडे काही नाही.

तुम्हाला खरं काय आवडतं मग, सामोसा नाही तर?

थांबा_बोलतोय
बटाटावडा. आणि तो कुठल्याच किऑस्कवर नसतो.

मोडी_लिपी
'गल्ला' या शब्दावर कुणी आक्षेप घेतला नाही याचं नवल वाटलं. सवडीने वेगळा धागा काढतो.