बायबल देवप्रेरित असेल, तर त्याचा अर्थ कोणी लावायचा?

पथिक
बायबल हा देवाचाच शब्द आहे असं म्हणणारे बहुतेकदा २ तीमथ्य ३:१६ कडे बोट दाखवतात. शास्त्र परमेश्वरप्रेरित आहे, असं तिथे म्हटलंय. पण ते लिहिलं गेलं तेव्हा नवा करार (बायबलचा येशूपासूनचा भाग) असा ग्रंथच नव्हता. नेमकी आजचीच २७ पुस्तकं असलेली पहिली यादी आपल्याला मिळते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या इ. स. ३६७ च्या पत्रात. प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं, कॅथलिक बायबलात ७३. प्रेरणा यातल्या कुठल्या यादीला?

आणि आतला मजकूर? दावीद राजाला लोकांची शिरगणती करायला कोणी चिथावलं? २ शमुवेल २४ म्हणतं परमेश्वराने, १ इतिहास २१ म्हणतं सैतानाने. मला इथे देवाबद्दलची आपली समज बदलत नेणारी माणसं दिसतात. ती मला मोलाची वाटतात, पण 'देव बोलला' म्हणून प्रश्नच बंद करणं मला पटत नाही.

अक्षरयात्री
देवाने सांगायचं आणि माणसाने उतरवून घ्यायचं, ही कल्पना तुम्ही खोडताय. ती बायबलच मानत नाही. शुभवर्तमान (येशूच्या जीवनाचा वृत्तांत) लिहिणारा लूक सुरुवातीलाच सांगतो की त्याने सगळ्याचा नीट शोध घेऊन लिहिलंय. नव्या करारातली पत्रं लिहिणारा प्रेषित पौल १ करिंथकरांस ७ मध्ये प्रभूची आज्ञा कुठली आणि स्वतःचं मत कुठलं हे वेगळं करून सांगतो. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ मध्ये मानवी लेखकांना खरे लेखक म्हटलं आणि काव्य, इतिहास, भविष्यवाणी त्या त्या प्रकाराप्रमाणे वाचायला सांगितलं.

शिरगणतीची गोष्ट बाबेलच्या बंदिवासातून परतल्यानंतरच्या यहुदी पिढीने नव्याने समजून घेतली. प्रेरणा त्या समजून घेण्यातही आहे, असं मी मनापासून मानतो. आणि यादी म्हणाल तर चार शुभवर्तमानांचा आग्रह बिशप इरेनियसने इ. स. १८० च्या सुमारासच धरला होता.

वज्रलेख
अक्षरयात्री, एवढी सवलत दिलीत तर हाती काय उरेल? हे देवाचं, ते माणसाचं अशी निवड कोण करणार? शास्त्राचा भंग होऊ शकत नाही, असं येशू योहान १०:३५ मध्ये सांगतो. बायबल निर्दोष मानणाऱ्या प्रोटेस्टंट अभ्यासकांच्या १९७८ च्या शिकागो निवेदनाची भूमिका मला योग्य वाटते: मूळ लेखन निर्दोष आहे. १९४७ मध्ये मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहेत यशया या पुस्तकाची गुंडाळी सापडली. तोवर हाती असलेल्या हिब्रू प्रतींहून ती सुमारे हजार वर्षं जुनी, तरीही मजकूर बव्हंशी तोच.

पथिक
त्यातून नक्कल करणाऱ्यांची निष्ठा सिद्ध होते, तीही सगळीकडे नाही. मार्क १६:९-२० हा भाग सिनाईटिकस आणि व्हॅटिकनस या चौथ्या शतकातल्या दोन्ही हस्तलिखितांत नाही. मूळ प्रत तर एकही उरलेली नाही. जे कोणी पाहू शकत नाही, त्याच्या निर्दोषपणाचा उपयोग काय?

माझी खरी अडचण गुलामगिरीची आहे. इफिसकरांस ६:५ दाखवून गुलामांना आज्ञेत राहायला सांगितलं गेलं. अमेरिकेतले दक्षिणेकडचे बाप्टिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) १८४५ मध्ये वेगळे झाले ते गुलाम बाळगणाऱ्यांच्या प्रश्नावरून, आणि १९९५ मध्ये त्यांनी त्याबद्दल माफी मागितली. दीडशे वर्षांत पुस्तकातलं एक अक्षरही बदललं नव्हतं.

अक्षरयात्री
वाचणारे बदलले, हे खरंच. पण त्यांना बदलायला पुस्तकाचाही हात होता. १८०७ मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी निवडक बायबल छापलं गेलं. त्यातून इस्राएल लोकांच्या मिसरच्या दास्यातून सुटकेची कथा वगळली होती. पुस्तक कसंही वळवता येत असतं, तर कात्री का लावावी लागली? फिलेमोनला लिहिलेल्या पत्रात पौल त्याचा गुलाम ओनेसिम याला गुलाम म्हणून नव्हे, प्रिय बंधू म्हणून स्वीकारायला सांगतो. मालकांना हेच नको होतं.

पथिक
कात्रीचा मुद्दा वजनदार आहे, मी तो नाकारत नाही. पण त्याच कात्रीने इफिसकरांस ६:५ ठेवलं, कारण ते उपयोगाचं होतं. दोन्ही ओळी एकाच ग्रंथात आहेत. कुठली ओळ दुसरीवर चालेल, हे कशावरून ठरवायचं?

अक्षरयात्री
मत्तय २२ वरून: देवावर प्रेम आणि शेजाऱ्यावर प्रेम, सगळं नियमशास्त्र यावर अवलंबून आहे. ज्या अर्थातून हे प्रेम वाढत नाही तो अर्थ लावणाऱ्याला शास्त्र कळलेलंच नाही, असं प्राचीन चर्चचा विचारवंत ऑगस्टीन यानेही सांगितलंय.

वज्रलेख
मग प्रेम म्हणजे काय हेसुद्धा शास्त्रालाच ठरवू द्या. नाहीतर ते काळाप्रमाणे बदलत राहील.

पथिक
गुलामांच्या बाबतीत ते बदललं म्हणून माणसं सुटली, वज्रलेख.