मांतो: पुराणातली की मागदालिनी?

मांतो हे ग्रीक मुलींचं नाव ग्रीक पुराणातला द्रष्टा तिरेसियस याच्या भविष्यवेत्त्या मुलीवरून आलं, असं म्हणतात; ते पुराणापुरतं ठीक. पण ग्रीक माणसाला हे नाव ऐकून आधी आठवणार ती मांतो माव्रोयेनूस. १८२१ च्या ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात तिने स्वतःची संपत्ती जहाजांवर आणि सैन्यावर उधळली. तिचं बाप्तिस्म्याचं नाव मागदालिनी, मांतो हे त्याचंच घरगुती रूप! मिकोनोस बेटावर चौकात तिचा पुतळा आहे आणि १९८८ पासून दोन द्राख्माच्या (ग्रीसचं जुनं चलन) नाण्यावरही ती होती.

एवढं असूनही नाव दुर्मिळच, आणि मला त्यात नवल वाटत नाही. तिकडे मुलीला बहुधा आजीचं नाव ठेवतात. आजी मारिया किंवा एलेनी असली, तर मांतो येणार कुठून?