जुन्या पाककृती, ताजे पीच: अनुभव लिहा

अमेरिकेत जून ते ऑगस्ट पीचची चंगळ. पण तिथल्या जुन्या पुस्तकांतली मापं म्हणजे ‘अंड्याएवढं लोणी’ नि ‘मध्यम ओव्हन’. ज्यांनी करून पाहिलंय त्यांनी प्रमाण आणि फसण्याच्या जागा लिहा.

*

अंड्याएवढं लोणी म्हणजे ५५ ग्रॅम धरा. गिल म्हणजे अमेरिकन अर्धा कप, १२० मिली. पुस्तक ब्रिटिश असेल तर १४२. मध्यम ओव्हन १७५ ते १९० अंश सेल्सियस.

*

साल काढायला बुडाशी फुली मारून ३० ते ६० सेकंद उकळत्या पाण्यात, लगेच बर्फाच्या पाण्यात. एक मिनिटात सुटली नाही तर फळ कच्चं आहे. आणखी उकळलंत तर वरचा गर बुळबुळीत होतो, साल तिथेच. हंगामाच्या सुरुवातीचे पीच बहुधा बी न सोडणारे असतात. अख्ख्या फोडी हव्या असतील तर जुलैपर्यंत थांबा.

*

कॉबलर (वर पिठाचे गोळे घालून ओव्हनमध्ये भाजलेली फळं): १ किलो फोडी, १२० ग्रॅम साखर, मोठा चमचा लिंबूरस, दीड चमचा कॉर्नस्टार्च. जुन्या कृतीत गार फळावरच पीठ घालतात आणि पिठाची खालची बाजू कच्ची, चिकट राहते. फळ आधी १९० अंशावर १० मिनिटं तापवा, रस बुडबुडला की वर पिठाचे गोळे, मग ३०-३५ मिनिटं. वरचा रंग बघून काढू नका, मधोमध रस दाटसर उकळायला हवा.

*

लवंग टोचलेले व्हिनेगरमधले पीच आपल्या मुरांब्याच्या वळणाचे. ३ किलो लहान, घट्ट फळं, दीड किलो साखर, ७५० मिली व्हिनेगर (५ टक्के आम्लाचं, कमी नको), दालचिनी, प्रत्येक फळाला दोन लवंगा. चार टोचल्या तर औषधासारखं लागतं! फळ सुईला जेमतेम मऊ लागलं की आच बंद. रात्रभर पाकातच राहू द्या. थेट गरम बरणीत भरले तर फळं तरंगतात नि सुरकुततात.

*

वरच्या कृतीत भर: बरणीवर मेण ओतून बंद करायची जुनी रीत सोडा, कडेने बुरशी शिरते. उकळत्या पाण्यात बरण्या बंद करणं पिवळ्या पीचसाठी ठीक. पांढऱ्यात आम्ल कमी, त्यामुळे बोट्युलिझमचा (जीवघेण्या अन्नविषबाधेचा) धोका. ते फ्रीझरमध्येच ठेवा. जॅममध्ये बियांतला गर घाला असं कुठे छापलेलं असेल तर तेही गाळा, त्यातून सायनाइड तयार होतं.

*

जॅम पातळ राहतोय? पीचमध्ये पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा फळातला घटक, कमीच. किलोला दोन लिंबांचा रस घालून १०५ अंशापर्यंत न्या. साखर वाढवून घट्ट होत नाही, नुसता गोड होतो.