रात्री दोन वाजता ‘गोल’ कोण ओरडलं?

गुरुवार, 22 मे 2025

लेले काकू (बी 301): शुभ प्रभात. रात्री दोनच्या सुमारास ए विंगमधून कुणीतरी “गोऽऽल” असं बोंबललं आणि लगेच त्याच पट्टीत एक शिवी हासडली. आमचे हे दचकून उठले ते परत झोपलेच नाहीत. कोण होतं?

ओंकार (ए 503): सॉरी काकू. मीच होतो. शिवी खालपर्यंत पोचली असेल असं वाटलं नव्हतं.

लेले काकू (बी 301): गोल झाल्यावर शिवी कशाला देतात?

ओंकार (ए 503): झालाच नाही काकू. म्हणून तर. काल युरोपा लीगची फायनल होती ना, आपल्या मँचेस्टर युनायटेडची टॉटनहॅमशी. हरलो.

जोशीकाका (बी 204): झाला नाही कारण हेडर मारणारा आपला स्ट्रायकर, म्हणजे गोल मारायला पुढे ठेवलेला, हॉयलंड होता. त्याच्या जागी मी असतो तरी बॉल आत गेला असता, तोही गुडघ्याचं दुखणं सांभाळून.

ओंकार (ए 503): काका, सकाळी सकाळी नका ना. मॅच बघितलीत का नुसता स्कोअर? आपल्या ब्रुनोची फ्री किक, त्यांचा गोली विकारिओचा अंदाज चुकला, बॉल हॉयलंडच्या डोक्यावर. त्यानं बरोबर उंच टाकला, गोली मागे राहिला, पुढे मोकळी जाळी. मी खुर्चीवरून उठलो, ओरडलो, आणि तो त्यांचा डिफेंडर व्हॅन डी वेन कुठून आला देव जाणे. हवेत झेप घेऊन रेषेवरून पायानं बॉल बाहेर ओढला. याला चूक म्हणायचं? समोरच्यानं मोसमातला सगळ्यात भारी बचाव केला त्याला हॉयलंड काय करणार?

जोशीकाका (बी 204): आणि मग तीन मिनिटांत मॅनेजरनं त्याला बाहेर काढला. मॅनेजरला कळलं ते तुला कळेना.

ओंकार (ए 503): काढून आत घेतला कुणाला? दुसऱ्या स्ट्रायकरला, झर्कझीला. दगडापेक्षा वीट मऊ म्हणायची सोय नाही, दोन्ही दगडच. एकाचे यंदा प्रीमियर लीगमध्ये 4 गोल, दुसऱ्याचे 3.

डिसोझा अंकल (सी 401): टॉटनहॅम कालपर्यंत लीगमध्ये 17व्या नंबरवर होती ना? आम्ही एप्रिलमध्ये त्यांनाच 5-1 हाणून विजेतेपद घेतलं. सहज आठवलं 😇

जोशीकाका (बी 204): अंकल, लिव्हरपूलवाल्यांनी आज या चर्चेत भाग घेऊ नये अशी नम्र विनंती.

निखिल (सी 203): 2008 नंतर पहिली ट्रॉफी. युरोपात 1984 नंतर पहिली. आज मला कुणीही काहीही बोला, मी हसणारच.

ओंकार (ए 503): अरे निखिल टॉटनहॅमवाला आहे? चार वर्षं शेजारी राहतोय, कधी बोलला नाही!

निखिल (सी 203): बोलण्यासारखं काही नव्हतं. या मोसमात मात्र तुम्हाला चार वेळा हरवलं. लीगमध्ये दोनदा, लीग कपमध्ये एकदा आणि काल. इतर कुणाला हरवता आलं नाही तो भाग वेगळा.

कदम (सचिव): सर्व सभासदांना विनंती, हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे.

लेले काकू (बी 301): कदमसाहेब, माझी झोप मोडली हे सोसायटीचंच काम आहे. चालू दे. मला एक सांगा, हे मॅनेजर म्हणजे नक्की काय करतात? आपल्या सोसायटीत होता तसा, नुसता सह्या करणारा?

जोशीकाका (बी 204): वहिनी, तिकडे मॅनेजर म्हणजे मुख्य कोच. कोण खेळणार, कुठे खेळणार, कसं खेळणार हे तो ठरवतो. रुबेन अमोरिम नाव. नोव्हेंबरमध्ये पोर्तुगालहून आला. मोसम निम्माही झाला नव्हता, आधीच्या टेन हागला ऑक्टोबरच्या शेवटी काढला होता. अमोरिमला खरं तर उन्हाळ्यात यायचं होतं, पण क्लब म्हणाला आता या नाहीतर नको. सरावाला वेळ नाही, दर तीन दिवसांनी मॅच, त्यात दुसऱ्यानं जमवलेला संघ. आणि पोरं विचारतात की निकाल का नाहीत!

ओंकार (ए 503): काका, सरावाला वेळ नव्हता मान्य. पण हिशेब बघा. त्याच्या लीगमधल्या 26 सामन्यांत 6 विजय, 6 बरोबरी, 14 पराभव. 24 गुण. युनायटेडबद्दल बोलतोय आपण. आज संघ 16वा आहे. काल जिंकलो असतो तर पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीग, युरोपातली सगळ्यात मोठी स्पर्धा. हरलो म्हणून आता युरोपातली कुठलीच स्पर्धा नाही. 2014-15 नंतर पहिल्यांदा. एवढं होऊनही तो मागे तीन सेंटर-बॅक, म्हणजे मधले डिफेंडर, ठेवणं सोडायला तयार नाही. पळसाला पाने तीनच!

जोशीकाका (बी 204): आणि फर्ग्युसन? आपला सगळ्यात मोठा मॅनेजर. नोव्हेंबर 1986 मध्ये आला तेव्हा संघ 22 पैकी 21वा होता. पहिली ट्रॉफी 1990 मध्ये. त्याच मोसमात लीगमध्ये 13वा नंबर, मैदानात त्याच्या नावाचे निषेधाचे फलक. लीग जिंकायला 1993 उजाडलं. तेव्हा तुझ्यासारख्यांचं ऐकलं असतं तर?

ओंकार (ए 503): हे आलंच. काका, प्रत्येक हरणाऱ्या मॅनेजरला फर्ग्युसन लावायचं बंद करा. त्याच्यानंतरच्या मोयेसला दहा महिनेसुद्धा दिले नाहीत, तेव्हा कुणी 1990 काढलं नाही. पुढच्या व्हॅन गालनं एफए कप जिंकला आणि दोन दिवसांत गेला. उलट टेन हागनं मागच्या वर्षी मे महिन्यात मँचेस्टर सिटीला हरवून तोच कप जिंकला म्हणून जुलैत त्याचा करार वाढवला, आणि ऑक्टोबरात काढला. हे संयमाचं उदाहरण की घोळाचं?

जोशीकाका (बी 204): घोळ बोर्डाचा. अमोरिमचा नाही. काल मॅच संपल्यावर तो काय म्हणाला ते ऐकलंस का? बोर्डाला आणि चाहत्यांना नको असेन तर भरपाईसाठी एक शब्दही न बोलता जाईन. पण स्वतः सोडणार नाही. असा माणूस आजकाल कुठे सापडतो?

डिसोझा अंकल (सी 401): सापडतो, 16व्या नंबरवर. सॉरी, राहवलं नाही.

जोशीकाका (बी 204): त्याची पद्धत वाईट नाही. पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबमध्ये याच 3-4-3 वर, म्हणजे मागे तीन, मधे चार, पुढे तीन, त्यानं दोनदा लीग जिंकली, त्यातली पहिली क्लबनं 19 वर्षांनी जिंकली. पण तिथे पुढे योकेरेससारखा स्ट्रायकर होता. गेल्या मोसमात लीगमध्ये 29 गोल. इथे पुढे कोण? 6 कोटी 40 लाख पाउंड मोजून, वर 80 लाखांच्या अटी घालून आणलेला मुलगा, ज्याचे लीगमध्ये 4 गोल. सगळ्या स्पर्धा मिळून 10. मधे 21 सामने एक गोल नाही. दुष्काळात तेरावा महिना ऐकलं होतं, हा एकवीस महिने घेऊन आला.

ओंकार (ए 503): मग हेही सांगा ना की अमोरिम निघून गेल्यावरही स्पोर्टिंगनं या वर्षी लीग जिंकली. गेल्याच शनिवारी. म्हणजे मोठा कोण, मॅनेजर की योकेरेस?

जोशीकाका (बी 204): तू माझाच मुद्दा सिद्ध केलास. योकेरेस. म्हणजे स्ट्रायकर. म्हणजे हॉयलंड विका.

ओंकार (ए 503): 🤦

सानिका (ए 102): काका, ओंकारदादा, मी जरा बोलू का? मी कॉलेजच्या संघात पुढे खेळते, तुम्ही दोघं टीव्हीवर खेळता, म्हणून 🙂

जोशीकाका (बी 204): बोल बाळा.

सानिका (ए 102): काल सेकंड हाफमध्ये मी वीसेक मिनिटं बॉल बघितलाच नाही, फक्त हॉयलंडला बघितलं. आमचे सर असंच बघायला सांगतात. तो पळत होता. जवळच्या खांबाकडे धावायचा, थांबायचा, परत मागे यायचा. बॉल बाजूला आडवाच फिरत राहायचा, आणि बाजूनं आत क्रॉस येईपर्यंत टॉटनहॅमचे सगळे गोलसमोरच्या बॉक्समध्ये येऊन उभे. जॉन्सनचा गोल झाल्यावर ते मागेच बसले होते. पळायला मोकळी जागा नाही, आणि हा मुलगा मोकळ्या जागेत पळणारा आहे. पाठीवर डिफेंडर घेऊन बॉल थांबवणं हे त्याचं काम नाही. तिथे तो कच्चा आहे हे मात्र खरं. बॉल पायाला लागून उडतो, मग हात पसरून फाउल मागतो.

जोशीकाका (बी 204): फाउल मागण्यात फॉर्म कायम आहे.

सानिका (ए 102): 😂 पण काका, तोच मुलगा 2024 च्या सुरुवातीला लीगमध्ये सलग सहा सामन्यांत गोल मारत होता. प्रीमियर लीगमध्ये असं करणारा सगळ्यात लहान. आत्ताही 22 चाच आहे. पाय तेच आहेत.
आणि गोल आटले की आत काय होतं ते सांगते, कारण मागच्या वर्षी माझे सलग आठ सामने कोरडे गेले होते. आधी बॉल आला की नुसता मारायचे. नंतर बॉल यायच्या आतच डोक्यात मैदानाबाहेरचे लोक यायला लागले. मग एक टच जास्त घ्यायचा, नीट ठेवू म्हणून. तेवढ्यात डिफेंडर पाय घालतो. मग पुढच्या वेळी घाई, मग बॉल आकाशात. सर म्हणाले तू गोलीकडे बघतेस, जाळीकडे बघ. त्यानं काही फरक पडला नाही. नवव्या सामन्यात माझ्या नडगीला लागून बॉल आत गेला, आणि त्यानंतर सुटले.

लेले काकू (बी 301): नडगीला लागून गेलेला पण धरतात का?

सानिका (ए 102): धरतात काकू. कालचा टॉटनहॅमचा विजयी गोल तसाच होता. जॉन्सन आणि आपला ल्यूक शॉ एकमेकांत अडकले आणि बॉल रांगत रांगत आत गेला.

निखिल (सी 203): रांगत गेला तरी ट्रॉफी तेवढ्याच वजनाची असते.

ओंकार (ए 503): सानिकाचं शंभर टक्के बरोबर. काका, तुम्ही आपला जुना स्ट्रायकर फोर्लान विसरलात? 2002 मध्ये आला, पहिला गोल मारायला 27 सामने लागले, तोही पेनल्टीवर. आपण सगळे हसलो त्याला. नंतर स्पेनमध्ये जाऊन सगळ्यात जास्त गोलांसाठीचा युरोपियन गोल्डन शू दोनदा, आणि 2010 च्या वर्ल्ड कपमध्ये सर्वोत्तम खेळाडू.

जोशीकाका (बी 204): फोर्लान विसरेन का? लिव्हरपूलला त्यांच्याच मैदानात दोन मारले होते. डिसोझा, आठवतंय ना?

डिसोझा अंकल (सी 401): नेटवर्क जातंय इथे.

जोशीकाका (बी 204): पण फोर्लान एक. न जमलेले पन्नास. स्ट्रायकर टोरेसला चेल्सीनं 5 कोटी पाउंडांना घेतला, पहिला गोल यायला एप्रिल उजाडला, तोही चिखलात बॉल अडकला म्हणून. तो परत पहिला टोरेस झाला का? नाही झाला.

ओंकार (ए 503): चॅम्पियन्स लीग जिंकला तो चेल्सीबरोबर.

जोशीकाका (बी 204): बरं बाबा. तरी माझा प्रश्न राहतोच. याच स्पर्धेत फ्रान्सच्या लिओंविरुद्ध जादा वेळेत 4-2 नं मागे होतो तेव्हा अमोरिमनं शेवटी कुणाला पुढे धाडलं? हॅरी मग्वायरला! सेंटर-बॅक! आणि 121व्या मिनिटाला विजयी गोल त्यानंच केला. कालही शेवटी मग्वायरच पुढे. ज्या घरात बचाव करणाऱ्याला गोल मारायला पाठवावं लागतं तिथे स्ट्रायकरचा निकाल लागलेला असतो.

ओंकार (ए 503): किंवा मॅनेजरचा. तुमचा अमोरिम मग्वायर पुढे टाकतो हाच प्लॅन बी असेल तर त्याला पगार कशाचा?

लेले काकू (बी 301): मला फुटबॉल कळत नाही, पण एक विचारू? त्या मुलाला आणला कुणी? आत्ताच्या मॅनेजरनं?

ओंकार (ए 503): नाही काकू. आधीच्या, टेन हागच्या वेळी, 2023 मध्ये. तेव्हा मागे चार डिफेंडर आणि बाजूनं पळणारे विंगर होते. आता ती पद्धतच नाही. विंगर अँटनीला उसना स्पेनमध्ये पाठवला, तो तिथे फुलला. रॅशफोर्ड ॲस्टन व्हिलाला उसना.

लेले काकू (बी 301): म्हणजे माप एका शिंप्यानं घेतलं, कापड दुसऱ्यानं आणलं, शिवतोय तिसरा, आणि तुम्ही भांडताय की कपडा चुकला की अंग चुकलं.

सानिका (ए 102): काकू 🔥🔥

जोशीकाका (बी 204): वहिनी, तुम्ही बोर्डावर जा.

ओंकार (ए 503): पण शिंपी दुकानात येतानाच म्हणाला होता की मला एकच फॅशन येते. ते माहीत असून घेतला ना? मग आता एक तर त्याला हवं ते कापड द्या, नाहीतर शिंपी बदला. अर्धवट नको. मी अजूनही म्हणतो शिंपी बदला.

जोशीकाका (बी 204): आणि मी म्हणतो कापड. नवा आणलास की नव्याचे नऊ दिवस, दहाव्या दिवशी तू पुन्हा रात्री दोनला शिव्या देणार. मोयेस, व्हॅन गाल, मुरिन्यो, सोलशेअर, मधे रांगनिक, टेन हाग, आता हा. बारा वर्षांत प्रत्येकानं आपापला खेळाडू आणला आणि पुढच्यानं तो विकला. शेवटी मॅक्टॉमिनेसारखा घरचा पोरगाही विकलाच की.

ओंकार (ए 503): तो तर नापोलीत राजा झालाय. उद्या जिंकले की इटलीचे विजेते.

जोशीकाका (बी 204): होऊ दे. मला काय त्याचं. गेलेल्यांचं मी बघत नाही.

कदम (सचिव): फुटबॉलसाठी वेगळा ग्रुप तयार केला आहे. लिंक खाली. इच्छुकांनी तिकडे जावे. बी विंगची लिफ्ट दुपारी दोन ते चार बंद राहील.

लेले काकू (बी 301): मला पण घ्या त्यात.

शनिवार, 24 मे 2025

लेले काकू (बी 301): शुभ प्रभात. काल रात्री एकच्या सुमारास पुन्हा आवाज आला. या वेळी ए विंग नव्हे. अगदी आमच्या पायाखालून.

ओंकार (ए 503): मी नाही काकू, शपथ. मी झोपलो होतो.

सानिका (ए 102): एकच्या सुमारास? नापोलीचा पहिला गोल तेव्हाच झाला ना. मॅक्टॉमिने. हवेत आडवा होऊन मारला. दुसरा लुकाकूचा, तोही आपलाच जुना. 2-0, नापोली विजेते.

ओंकार (ए 503): बी 301 च्या खाली कोण राहतं बरं?

जोशीकाका (बी 204): वहिनी, मीच. मिसेस पण रागावल्या आहेत.