मदत हवी आहे: दत्तक, एनओसी आणि होम स्टडी

आम्ही दोघं अमेरिकन पासपोर्टवाले ओसीआय (म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेले मूळचे भारतीय), आता कायमचे नाशिकला गंगापूर रोडला राहतो, बाळ दत्तक घ्यायचंय. काराच्या (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) पोर्टलसाठी लग्नाचा दाखला, मेडिकल, उत्पन्नाचे कागद, ओळखीच्यांची २ पत्रं सगळं जमलं पण अमेरिकन वकिलातीच्या एनओसीवर (ना हरकत पत्रावर) गाडी अडलीय, कुणी काढलीय का, मुंबईला स्वतः जावं लागतं का?

आणि होम स्टडीला, म्हणजे घर-कुटुंब बघायला, सोशल वर्कर ताई येतात तेव्हा नेमकं काय बघतात? गॅलरीला जाळी बसवलीय, खोली रिकामीच ठेवलीय कारण मूल किती वर्षांचं येईल माहीत नाही. सासूबाईंशीही बोलतात ना? त्या फार घाबरल्यात, रोज विचारतात माझ्या तोंडून काही चुकीचं गेलं तर बाळ देणार नाहीत का. २०२२ पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, नाशकात कुणाचा झाला असेल तर प्लीज सांगा.